अकरा काड्या

सकाळी ८

धाकट्या बहिणीचा फोन येतो तेव्हा माझ्या तव्यावर पोळी असते आणि तिच्याकडे, कॅलिफोर्नियातल्या फ्रेमोंटला, आदल्या दिवसाची संध्याकाळ. आज तिने आधी फोटो पाठवला, मग फोन केला. शनिवारी तिच्या घरी सत्यनारायण आहे. पूजेसाठी ती भारतीय दुकानातून सुपारीचं पाकीट घेऊन आली, तर पाकिटावर पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह आणि खाली कर्करोगाचा इशारा.

"ताई, ही पूजेला चालेल ना गं?"

"पूजेला चालेल. तोंडात नको."

तिला हसू आलं, मला आलं नाही. गेली सत्तावीस वर्षं मी सीताबर्डीत दातांचा दवाखाना चालवते. सुपारीचा गणपती करून त्याला हळदकुंकू वाहणाऱ्या आईच्या पोटची मी. त्याच सुपारीने बंद झालेली तोंडं उघडायचा रोज प्रयत्न करते. पिवळा त्रिकोण पाहून मला पहिल्यांदा वाटलं, चला, कुठेतरी कुणीतरी हे पाकिटावर लिहिलं तरी.

तिकडचा तो कायदा १९८६ चा. लोकांनी थेट मतदान करून तो करवून घेतला, 'प्रपोझिशन ६५' म्हणून ओळखला जातो. कर्करोग करणाऱ्या रसायनांची यादी सरकारने ठेवायची, वर्षातून एकदा तरी ती नव्याने छापायची आणि त्यातलं काही गिऱ्हाइकाच्या हाती जाणार असेल तर दुकानदाराने आधी सांगायचं. सुपारी त्या यादीत २००६ पासून आहे. इतक्या ठिकाणी इशारे लागलेत की लोक आता वाचत नाहीत, असं बहीण म्हणते. असेलही. पण तिने आज वाचला ना.

सकाळी ९.२०

जयप्रकाश नगरहून मेट्रोने सीताबर्डी. दोन्ही मार्ग जिथे एकमेकांना ओलांडतात त्या स्थानकातून खाली उतरलं की व्हरायटी चौकाचा गलका अंगावर येतो. सिटी बस, ऑटो, मालाचे टेम्पो, मेन रोडवर पथारी मांडायला आलेली पोरं. डिझेलचा धूर २०१२ पासून कर्करोगकारकांच्या जागतिक यादीत पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात आहे, शहरातली दूषित हवा २०१३ पासून. रुमाल नाकाला लावून मी मोदी नंबरच्या गल्लीत वळते.

माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी पानठेला. ठेलेवाल्या भाऊंनी नुकतंच शटर वर केलेलं असतं. पाणी शिंपडलेलं, अगरबत्ती लावलेली, आणि त्यांचे हात कामाला लागलेले. बारीक कातरलेली सुपारी, वरून तंबाखू, चुना, पाण्याचा शिपका, मग जाड पन्नीत घेऊन पाटीवर रगडायचं. घोटायचं. घोटता घोटता सुपारी पिवळी तपकिरी होते, चुना आणि तंबाखू तिच्यात जिरतात. चौकोनी पन्नीत बांधून वरून रबर. हा नागपुरी खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायचं तर मावा म्हणतात त्याचा हा सख्खा भाऊ, पण आमच्याकडे तो गिऱ्हाइकासमोर, गिऱ्हाइकाच्या फर्माइशीने घोटला जातो. 'चुना कमी', 'तंबाखू तेज', 'सुपारी बारीक'.

"नमस्कार ताई."

"नमस्कार भाऊ."

तेरा वर्षं हाच नमस्कार. भाऊ मला कधी वाईट शब्द बोलले नाहीत, पावसात माझ्या पेशंटना ते ठेल्याच्या ताडपत्रीखाली उभं करतात. आणि त्यांच्याकडचं गिऱ्हाईक पुढे कधीतरी जिना चढून माझ्याकडे येतं. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

सकाळी १०

दवाखान्यातल्या मदतनीस मावशी आधीच आलेल्या असतात. ऑटोक्लेव्हची शिट्टी, फिनाइलचा वास. दवाखान्याच्या भिंतीवर मी कागद चौकटीत लावून ठेवलेत, येणाऱ्याला दिसावेत म्हणून. राज्य दंत परिषदेची माझी नोंदणी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र, कारण रक्त लागलेला बोळा मी कुठल्याही डब्यात टाकू शकत नाही, तो पिवळ्या पिशवीतच गेला पाहिजे. आणि एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी. एका दाढेचा, बोटाएवढ्या फिल्मवरचा एक्स-रे काढायचा तर अणुशक्तीनगरला माझ्या यंत्राची नोंद लागते, कारण क्ष-किरण हे पहिल्या गटातले कर्करोगकारक. यंत्र भिंतीपासून किती अंतरावर, मी कुठे उभी राहणार, शिशाचा ॲप्रन आहे का, हे सगळं लिहून द्यावं लागतं.

मला या कागदांचा कधी जाच वाटला नाही. उलट बरं वाटतं. कुणीतरी बसून विचार केला आहे, की हे किरण कामाचे आहेत पण घातक आहेत, तेव्हा मोजून वापरा. फक्त रोज सकाळी खिडकी उघडली की खालून घोटण्याचा खरखर आवाज येतो, आणि त्या आवाजाला असा एकही कागद नाही.

सकाळी १०.४०

मेन रोडवरच्या कापडदुकानात सेल्समन असलेला मुलगा. चोवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र.

"म्याडम, अक्कलदाढ दुखून राहिली. रातभर झोपलो नाही जी."

"आ कर."

त्याने आ केला. म्हणजे त्याला वाटलं त्याने केला. माझा आरसा आत जाईना.

"अजून."

"एवढंच उघडते."

मी व्हर्नियर कॅलिपर घेतला आणि वरच्या खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. बावीस मिलिमीटर. या वयात ते चाळीसच्या आसपास हवं. आपली स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत, त्याची दीड जात होती. दिव्याच्या उजेडात गालाची आतली बाजू गुलाबी नव्हती, संगमरवरासारखी पांढुरकी होती. बोट फिरवलं की आत दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे लागतात. पडजीभ आक्रसलेली.

"जेवताना तिखट लागतं?"

"आता तर वरणबी तिखट लागते."

"खर्रा केव्हापासून?"

तो खाली बघू लागला. "बारावीपासून. पण तीन-चारच होतात दिवसाचे. सारेच खातात ना म्याडम दुकानात, गिऱ्हाइकी असली की जेवायला सवड नाई भेटत, खर्रा टाकला की भूक मरते."

या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. तोंडाच्या अस्तराखालचं मऊ ऊतक घट्ट होत जातं, जखमेचा वण जसा कडक होतो तसं, फक्त इथे सगळं तोंडच वण होतं. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हे पाहिलं आणि कारण न सापडल्याने 'अज्ञात कारणाचा' म्हणून नोंदवलं. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण तपासून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. कारण उमगायला आणखी काही दशकं गेली. सुपारीत ॲरेकोलिन नावाचा द्रव्यांश असतो, तो अस्तरातल्या पेशींना जास्तीचं कोलॅजन विणायला लावतो. सुपारीत तांबंही बरंच असतं, ते या कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत गुंतवून पक्कं करणाऱ्या विकराला बळ देतं. विणलेलं उसवत नाही. चुना कुठल्याही कर्करोगकारक यादीत नाही, पण त्याच्यामुळे तोंडात क्षार वाढतो, अस्तर सोलवटतं आणि तंबाखूतलं निकोटिन भराभर रक्तात उतरतं. तंबाखूच्या निकोटिनपासून तयार होणारी नायट्रोसॅमाइन्स, त्यातली दोन पहिल्या गटात. चोवीस वर्षांचं पोर हे सगळं दुपारच्या भुकेवर उतारा म्हणून घेतं.

"कॅन्सर आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. पण त्याच्या अलीकडची पायरी आहे." एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा झाला होता, त्यात ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. हा आकडा मी त्याला सांगितला, गुळगुळीत न करता. शंभरातले सात-आठ. तो बोटांवर काहीतरी मोजत बसला. दुकानात कितीजण खातात ते मोजत असावा.

मग मी ड्रॉवरमधून आइसक्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा काढला. एकावर एक ठेवून दातांमध्ये घालायच्या. अकरा काड्या बसल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ, जेवढ्या बसतात तेवढ्या घालून दहा मिनिटं धरायच्या. आठवड्याने एक वाढवायची. खर्रा आजपासून बंद, नाहीतर काड्यांचा उपयोग शून्य. इंजेक्शनं देऊ, गोळ्या देऊ, पण गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही."

"किती काड्या झाल्या पायजेत?"

"वीस."

त्याने काड्या खिशात, ओळखपत्रामागे ठेवल्या.

दुपारी १२

दोन रूट कॅनालच्या बैठका, एक कवळीचं माप. मग अर्धा तास रिकामा मिळाला, तेव्हा मी ती फाइल काढते जी गेली काही वर्षं वाढत चालली आहे.

कर्करोगकारकांच्या यादीची गोष्ट अशी. फ्रान्समधल्या लियाँ शहरात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आहे, जागतिक आरोग्य संघटनेची, १९६५ मध्ये स्थापन झालेली. १९७१ पासून ती एकेका पदार्थाचा पुरावा तपासून गट ठरवते. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. मग २अ, बहुधा. २ब, शक्यता. तिसरा, सांगता येत नाही. पहिल्या गटात आता सव्वाशेहून अधिक नोंदी आहेत. तंबाखूसह विडा त्यांनी १९८५ सालीच घातक ठरवला होता. सुपारी एकटी, तंबाखूशिवाय, पहिल्या गटात गेली ती २००३ च्या बैठकीत, पुस्तक निघालं २००४ ला. ॲरेकोलिन हे नुसतं रसायन म्हणून २ब मध्ये आलं अगदी अलीकडे.

इथे पेशंट नेहमी एक गफलत करतात, आणि शिकलेले जास्त करतात. पहिला गट म्हणजे 'सर्वात घातक' असं ते समजतात. तसं नाही. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे, धोका किती मोठा आहे ते नाही. क्ष-किरण आणि खर्रा एकाच गटात आहेत, म्हणून माझा एक्स-रे आणि दिवसाचे सहा खर्रे सारखे होत नाहीत. मात्रा, वर्षं, सवय यांचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि तो करायचं काम लियाँचं नाही. त्यांच्या हातात कायदा नाही. ते नाव लिहितात. पुढचं ज्याच्या त्याच्या सरकारने.

आपल्याकडे हे काम निरनिराळ्या कायद्यांत वाटलं गेलं आहे. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवायलाच हवेत अशा आजारांची यादी होती, त्यात व्यवसायामुळे होणारा कर्करोग होता. बेन्झिडिनपासून बनणारे बेचाळीस रंग १९९३ मध्ये आणि आणखी सत्तर ॲझो रंग १९९७ मध्ये पर्यावरण कायद्याखाली बंद झाले. हवेतल्या बेन्झिनची मर्यादा २००९ च्या मानकांत घनमीटरमागे पाच मायक्रोग्रॅम.

आणि खर्रा? तो अन्नाच्या कायद्यात आहे. महाराष्ट्राने २००२ च्या ऑगस्टमध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती २००४ मध्ये रद्द केली, कारण जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्याला तेवढा अधिकार दिलेला नव्हता. मग २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला. २०११ च्या नियमात एक ओळ आली, की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही. त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाला बंद केला, आणि २०१३ च्या आदेशात सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा आणि खर्रा ही नावंही घातली. आमच्या गल्लीतली वस्तू सरकारी आदेशात नावानिशी आली, हे वाचून मी त्या दिवशी मावशींना पेढे आणायला पाठवलं होतं.

कायद्याच्या तिसाव्या कलमाने अन्न सुरक्षा आयुक्तांना अशी बंदी एका वेळी जास्तीत जास्त एका वर्षासाठी घालता येते. म्हणून आदेश दरवर्षी नव्याने निघतो. माझ्या फाइलमध्ये ते एकाखाली एक लावलेले आहेत. लियाँच्या यादीत सुपारी कायमची आहे, आमच्या आदेशात ती वर्षाच्या बोलीवर.

दुपारी १.३०

डबा. आज पोळ्या कमी पडल्या म्हणून मावशींनी खालून पाव आणला. पाव बघितला की मला २०१६ आठवतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने पावांच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट आणि आयोडेटचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. ब्रोमेट २ब गटातलं. जूनमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला परवानगीच्या यादीतून काढलं. महिन्याभरात. कुणाही पाव खाणाऱ्याचं समुपदेशन करावं लागलं नाही, बेकरीवाल्यांनी ब्रोमेट घेणंच बंद करायचं होतं. पेट्रोलचंही तसंच. भारत-सहा दर्जाच्या पेट्रोलमध्ये बेन्झिन एक टक्क्याहून जास्त चालत नाही, ते शुद्धीकरण कारखान्यातच कमी होऊन येतं. व्हरायटी चौकात गाडी थांबवणाऱ्याला बेन्झिन हा शब्दही ठाऊक नसतो आणि असायची गरजही नाही.

म्हणजे जिथे एक दार आहे, तिथे यादी चालते. माल ज्या दारातून बाहेर पडतो तिथे उभं राहायचं. खर्र्याचं दार कुठलं? प्रत्येक ठेला हाच कारखाना, प्रत्येक खर्रा वेगळा, त्याला वेष्टन म्हणजे कोरी पन्नी. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून पंचाऐंशी टक्के जागा चित्रमय इशाऱ्याने व्यापलेली असते. खर्र्याच्या पन्नीवर काय छापणार? बनवणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, घटक नाहीत. इशाऱ्याला चिकटायला जागाच नाही.

पण थोडं मागे गेलं की दारं सापडतात. ठेल्यावर येणारा सुगंधित तंबाखू डब्यातून येतो आणि डबा कारखान्यातून येतो. सुपारी येते इतवारी-मस्कासाथच्या ठोक बाजारातून, तिथे ती कर्नाटकातून येते, आसामातून येते, आणि बंदरांतूनही येते. आयात सुपारीवर केंद्र सरकारची नजर आहेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये किमान आयात किंमत किलोला २५१ वरून ३५१ रुपये केली. ते बागायतदारांसाठी केलं, आणि श्रीवर्धनच्या रोठ्याच्या बागा पाहिलेल्या मला त्यांचं पोट कळतं. पण याचा अर्थ सुपारी कुठून किती येते हे मोजायची यंत्रणा देशात आहे. ती किंमत मोजते. तिने जबड्याचं अंतरही मोजावं, एवढंच माझं म्हणणं. सडकी सुपारी गंधकाच्या धुरीने पांढरी करून विकली जाते म्हणून छापे पडतात, तेव्हा बातमीत 'निकृष्ट सुपारी' असा शब्द असतो. जणू उत्कृष्ट सुपारीने तोंड बंद होत नाही.

दुपारी ३

आजचं मोठं काम. ऑटो चालवणारे काका, पंचावन्नच्या पुढचे. मागच्या आठवड्यात दात हलतो म्हणून आले होते. डाव्या गालाच्या आत, जिथे ते पंधरा वर्षं खर्रा दाबून ठेवत आले, तिथे लाल-पांढरा खडबडीत चट्टा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम आणि लाल चट्टा, या दोन गोष्टींना दंतवैद्याने थांबायला सांगायचं नसतं.

"काका, तुकडा काढून तपासायला पाठवू. मुंगी चावल्यासारखं इंजेक्शन, बाकी दुखणार नाही."

"काढा जी. एकदाचं काय ते कळू द्या." त्यांच्यासोबत मुलगी आली होती, ती दाराशी उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. मी तिला आत घेऊन स्टुलावर बसवलं.

चट्ट्याच्या कडेचा तुकडा घ्यायचा, थोडा रोगट, थोडा निरोगी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींची सीमा दिसते. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. दोन टाके. मग तो तुकडा लगेच बाटलीत टाकायचा, दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रावात, नाहीतर तो आतून सडतो.

फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यातलं फॉर्माल्डिहाइड, आणि तेही पहिल्या गटात आहे. माझ्या हातातल्या बाटलीवर लेबल आहे: रसायनाचं नाव, प्रमाण, धोक्याची चिन्हं, वास घेऊ नका, हातमोजे घाला. मी खिडकी उघडते, मास्क नीट करते, झाकण घट्ट लावते. बाटलीवर काकांचं नाव, वय, जागा, तारीख. सोबतच्या अर्जावर सवयीचा रकाना असतो. तिथे लिहिलं: खर्रा, दिवसाला सहा, पंधरा वर्षं, डावा गाल.

हा रकाना भरताना माझा हात दरवेळी जड होतो. तीस मिलिलिटरच्या बाटलीवर एवढं सगळं छापलेलं, जी मी मिनिटभर उघडते. आणि या माणसाने वर्षाला दोन हजारांवर पन्न्या उघडल्या, त्यातल्या एकीवरही अक्षर नव्हतं. ते अडाणी नाहीत, ऑटोच्या पाठीवर त्यांनी मुलींच्या शिक्षणाचं वाक्य रंगवून घेतलं आहे आणि मुलीला बी.कॉम. केलं आहे. छापलेलं असतं तर त्यांनी वाचलं असतं. सोडलं असतं का, ते वेगळं. वाचायचा हक्क तरी मिळाला असता.

"कुठं जायचं लागलं तर?" मुलीने विचारलं.

"आधी रिपोर्ट येऊ दे. लागलंच तर तुकडोजी महाराज रुग्णालय आहे, मेडिकलजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. नागपुरात सगळं आहे. मी चिठ्ठी देते, तुला कुठे भटकावं लागणार नाही." बायॉप्सीचा रिपोर्ट गुरुवारी.

गेल्या वर्षी 'लॅन्सेट ऑन्कोलॉजी'तला २०२४ चा एक अभ्यास मी वाचला. २०२२ साली जगात सुपारी आणि धूरविरहित तंबाखूमुळे झालेले तोंडाचे कर्करोग १ लाख २० हजार २००, त्यातले ८३ हजार ४०० भारतातले. आकडा वाचून मी पान उलटलं नाही, बराच वेळ तिथेच थांबले. त्या ८३ हजारांतले काही चेहरे मी ओळखते.

संध्याकाळी ५.३०

गर्दी. शाळेची दोन मुलं किडलेल्या दाढांची. गोंदियाकडची एक आजी, गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, लावून दात झिजवलेली. तिला सांगितलं, ऐकेल असं वाटलं नाही, तिच्या सुनेला वेगळं सांगितलं. कॉलेजातली एक मुलगी, जिला 'मीठी सुपारी' म्हणजे खाऊच वाटतो, तंबाखू नाही ना त्यात. तिच्या गालात पहिले पांढुरके पट्टे. तिला मी सर्वात जास्त वेळ दिला, कारण तिचं अजून वळू शकतं. सुपारीच्या पाकिटावर 'आरोग्यास हानिकारक' ही ओळ असते, तिने पाकीट काढून दाखवलं, इतक्या बारीक अक्षरात की मीच चष्मा शोधला.

रात्री ८.४०

मावशी गेल्या. बाटली प्रयोगशाळेच्या मुलाने नेली. मी कुलूप लावून जिना उतरते. खाली ठेल्याचा पिवळा दिवा, गिऱ्हाईक ओसरलेलं. भाऊ पन्न्या मोजून गठ्ठे बांधत होते. मला बघून थांबले.

"ताई, दुपारी ते ऑटोवाले काका वर आले होते ना? काय निघालं त्यांचं?"

"भाऊ, दुसऱ्या पेशंटचं मी सांगू शकत नाही."

"हव, ते बी खरं." ते थोडा वेळ गप्प राहिले. "माह्याकडूनच नेतात ते. मी ठेला टाकला तवापासून. तेरा वर्स."

रस्त्यावरून एक ऑटो गेला, दोघांनीही वळून पाहिलं. दुसराच होता.

"नियम मले माईत हाये ताई. कागद दाखवून गेले होते, डबे बी उचलून नेले एकदा. पण ठेला बंद करून मी काय विकू? समोरचा विकते, त्याच्या पलीकडचा विकते. मी सोडलं तर गिऱ्हाईक पाच पावलं पुढं जाईन, घरी थोडीच जाईन."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं खरं होतं. पाच पावलांचं अंतर एका ठेलेवाल्याने एकट्याने ओलांडायचं नसतं, त्यासाठीच कायदा असतो, आणि तो मस्कासाथच्या गोदामाशी, डबे भरणाऱ्या कारखान्याशी उभा राहिला तर भाऊंना निवड करावीच लागणार नाही. त्यांच्या हाती येईल ते पान, वेलची, बडीशेप, कोल्ड्रिंक. हे मी त्यांना बोलले नाही. भाऊ त्या वेळी काही चघळत नव्हते, पण बोलताना त्यांचे ओठ नीट सुटत नव्हते, हे मला आज दिसलं. तेरा वर्षं नमस्कार घेतला आणि बघितलं नाही.

"भाऊ, आ करा."

"इथं?"

"इथंच. दिव्याकडे तोंड करा."

त्यांनी पन्न्या खाली ठेवल्या, हात धोतराला पुसले आणि दिव्याखाली मान वर केली. मी पर्समधून सकाळच्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या काड्या काढल्या आणि एकेक रचत गेले. सात, आठ, नऊ. दहावी गेली नाही.

"उद्या सकाळी वर या."

"उद्या सकाळी तर माल यायचा हाये."

"दहाला दवाखाना उघडतो."

भाऊंनी काड्या माझ्या हातातून घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या.

"साडेनऊले येतो," ते म्हणाले. "शटर उघडायच्या आधी."